निरोपाचा धनी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी नीरा नदीचा पूल ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. तेथे लागणारे पहिले मोठे गाव म्हणजे शिरवळ. खंडाळा तालुक्यातील हे गाव फार जुन्या काळापासून रहदारीच्या वाटेवर वसलेले आहे. गावाच्या परिसरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत, आणि आता हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखानेही उभे आहेत. वाटेवरच्या गावात व्यापार वाढतो. आणि व्यापार म्हटला, की निरोप आलाच. माल कोठे आहे, भाव काय आहे, तो केव्हा पोहोचेल, हे कळल्यावाचून कोणताही सौदा होत नाही.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असे. पुढे १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. पाव आण्याच्या त्या कार्डावर व्यापारी मालाची मागणी लिहीत आणि खाली आपली सही करीत. निकड असेल तेव्हा तार केली जाई. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. निरोप कोणाचा, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. निरोप खोटा निघाला, तर जाब कोणाला विचारावयाचा, हेही ठाऊक असे. थोडक्यात, प्रत्येक निरोपाला धनी होता.

आज निरोपाचे काम खिशातील फोन करतो. २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले व्हॉट्सॲप आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्याची खास व्यापाऱ्यांसाठी केलेली आवृत्तीही निघाली. समजा, शिरवळमधील एखाद्या गृहिणीने कुरडया व पापड करून विकावयाचे ठरविले. तिला दुकानाचे भाडे भरावे लागत नाही. ती आपल्या नावाने खाते उघडते, मालाची चित्रे व किमती त्यात मांडते, आणि ओळखीच्या लोकांना कळविते. पुण्यातील गिऱ्हाईक मागणी नोंदविते व पैसेही फोनवरूनच देते. पोस्टकार्डाला दोन-तीन दिवस लागत, ते काम दोन-तीन क्षणांत होते. मात्र याच वेगाने जसा खरा निरोप धावतो, तसाच खोटाही धावतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांना याचा कटू अनुभव आला. कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोनाचा आजार होतो, असा मजकूर फोनोफोनी फिरू लागला. तो कोणी लिहिला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. या म्हणण्याला काहीही आधार नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने त्याच महिन्यात केला. परंतु अफवा त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. लोकांनी कोंबडी खाणे सोडले आणि भाव कोसळले.

धान्याला भाव नसेल, तर शेतकरी ते काही दिवस कोठारात ठेवू शकतो. कोंबड्यांचे तसे नसते. मांसासाठी वाढविलेला पक्षी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येतो. त्यानंतरही त्याला रोज खाद्य द्यावेच लागते. खर्च वाढत जातो आणि उत्पन्न मात्र होत नाही. त्यामुळे अनेकांनी कोंबड्या मातीमोल भावाने विकल्या, कित्येकांनी त्या फुकट वाटल्या, तर काहींनी त्या पुरून टाकल्या. कोणाच्याही खुराड्यात रोग शिरला नव्हता. शिरली होती ती केवळ एक बातमी.

पुढच्याच महिन्यात, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी सुरू झाली. सांगली व नाशिक या जिल्ह्यांत द्राक्षे वेलींवर तयार होती आणि बाजार बंद होते. तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी व त्यांच्या गटांनी याच फोनचा आधार घेतला. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतील रहिवाशांनी व्हॉट्सॲपवर मागण्या एकत्र केल्या, आणि शेतकऱ्यांनी फळांच्या पेट्या थेट त्यांच्या दाराशी पोहोचविल्या. सगळाच माल खपला असे नाही. पुष्कळ द्राक्षांचे बेदाणे करावे लागले. तरीही ज्यांना थेट गिऱ्हाईक मिळाले, त्यांच्या कष्टांचे काही मोल झाले.

साधन तेच आणि दिवसही जवळपास तेच; मग एका निरोपाने संसार बुडाले व दुसऱ्याने सावरले, हे कसे? द्राक्षे पाठविणाऱ्याने आपले नाव, गाव व भाव स्पष्ट सांगितला होता. फळ आंबट निघाले, तर गिऱ्हाईक त्याला विचारू शकत होते. कोंबडीविषयीच्या मजकुराला धनीच नव्हता. ज्याने तो पुढे पाठविला, तो म्हणे, “मला दुसऱ्याकडून आला.” दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवी.

अशा बेवारशी निरोपांनी याहून भयंकर अनर्थही घडविला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे आले आहेत या अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपले नियम बदलले. पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली, आणि भारतात एका वेळी तो पाचच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घालण्यात आली. नियमांनी निरोपाचा वेग कमी होतो. त्याचा खरेखोटेपणा पारखण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावयास हवी. हे साधन आपल्या मालकीचे नसते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम ही तिन्ही एकाएकी बंद पडली. कंपनीच्या यंत्रणेची देखभाल चालू असताना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे तिचा जगाशी संबंध तुटला. सुमारे सहा तास जगभरातील असंख्य दुकानदारांचे व्यवहार अडले. ज्यांनी गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून ठेवले होते, त्यांना निदान साधा फोन करता आला. म्हणून शहाणा दुकानदार नवे दार उघडतो, पण जुने दार बंद करीत नाही.

शिरवळमध्येच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जनावरांच्या व पक्ष्यांच्या रोगांचे शास्त्र तेथे शिकविले जाते. कोंबडीच्या रोगाविषयी शंका आली, तर तेथील जाणत्यांना विचारणे हे गावकऱ्याला काही पावलांचे काम आहे. मजकूर पुढे ढकलणे हे तर केवळ एका बोटाचे काम! पण त्या एका बोटाने कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईवर पाणी पडू शकते. हाती आलेल्या निरोपाचा धनी सापडत नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. आणि पुढे पाठवावयाचा असेल, तर त्याचा धनी होण्याची आपली तयारी असावी.

स्वाध्याय

१. पोस्टकार्ड व फोनवर फिरणारा मजकूर यांत कोणता महत्त्वाचा फरक आहे?
२. भाव पडल्यावर धान्याच्या व्यापाऱ्यापेक्षा कुक्कुटपालकाची अडचण अधिक का झाली?
३. ‘शहाणा दुकानदार नवे दार उघडतो, पण जुने दार बंद करीत नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : मातीमोल, बेवारशी, जाब विचारणे, कमाईवर पाणी पडणे.
५. तुमच्या गावातील एखाद्या दुकानदाराला भेटा. तो गिऱ्हाइकांना निरोप कसे पाठवितो, याची माहिती दहा ओळींत लिहा.