समान नागरी कायदा आणि व्यापाऱ्याचे घर

‘समान नागरी कायदा’ हे शब्द सभेत, वृत्तपत्रांत आणि बाजारपेठेत नित्य ऐकू येतात. परंतु त्याविषयी हिरिरीने मत देणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांस, स्वतःच्या घरास आज कोणता कायदा लागू आहे, हे विचारले असता उत्तर देता येत नाही. पेढीचा ताळेबंद दरसाल काटेकोरपणे मांडणारे आपण घरच्या वारशाविषयी मात्र अंधारात असतो. ही उणीव काही अंशी दूर व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

करार, भागीदारी, मालविक्री यांचे कायदे सर्व धर्मीयांस एकच आहेत. भिन्नता आहे ती मुख्यतः विवाह, घटस्फोट, दत्तक आणि वारसा या बाबींत. राज्यघटनेच्या ४४ व्या अनुच्छेदाने सर्व नागरिकांसाठी एकरूप नागरी संहिता करण्याचा प्रयत्न राज्यसंस्थेने करावा असे सांगितले आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयाकडून त्याची बजावणी करून घेता येत नाही.

आपल्या समाजास १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहेत. त्यांत जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१४ साली जैनांस राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर हे कायदे आपणांस लागू राहिले नाहीत, असा काहींचा समज झाला. इंदूरच्या कुटुंब न्यायालयानेही २०२५ साली तसाच निर्णय दिला होता. परंतु उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो त्याच वर्षी रद्द केला.

आता गोमंतकाकडे वळू. कारण समान कायद्याचा दीर्घ अनुभव तेथेच मिळतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. तिच्या वारसाविषयक भागाची जागा आता गोव्याच्याच नव्या कायद्याने घेतली असून तो २०१६ पासून अंमलात आहे. मूळ तत्त्वे मात्र तीच आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नी सर्व मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी होतात. स्थावर विकावयाचे झाल्यास सामान्यतः दोघांचीही संमती लागते. आईबापांच्या संपत्तीचा अर्धा भाग अपत्यांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने तो इतरांस देता येत नाही, आणि त्यात मुलगा व मुलगी समान असतात.

याउलट हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीस मुलाइतकाच वाटा आहे, आणि २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही ती जन्मतः समांशी आहे. तथापि स्वतःच्या मालकीची सर्व संपत्ती मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीस देण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. म्हणजे एका हाताने दिलेला हक्क लेखणीच्या एका फटकाऱ्याने जाऊ शकतो. अर्थात गोव्याचा कायदाही निर्दोष नाही. १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदू पुरुषास काही परिस्थितीत दुसऱ्या विवाहाची सवलत ठेवली होती. ‘समान’ म्हणविणाऱ्या कायद्यातही स्त्रीच्या वाट्यास असमानता येऊ शकते, हा त्यातील धडा आहे.

उत्तराखंडाने २०२४ साली संहिता संमत केली आणि ती जानेवारी २०२५ पासून अंमलात आली; तीतूनही अनुसूचित जमाती वगळलेल्या आहेत. तेव्हा एखादा कायदा एक आहे की अनेक, एवढेच पाहून भागत नाही. घरातील पत्नीस, कन्येस आणि विधवा सुनेस त्यातून काय मिळते, ही खरी कसोटी होय.

ज्यांचे घर गोव्यात व गोदाम बेळगावात आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. गोमंतकीय अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारशासही गोव्याचाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. म्हणून आपला अधिवास कोणता, हे जाणत्या वकिलाकडून निश्चित करून घ्यावे. विवाहाची नोंद करावी. मृत्युपत्र वेळीच लिहावे.

देशाचा कायदा केव्हा व कसा एक होईल, हे संसद आणि विधिमंडळे ठरवितील. परंतु मुलीस तिचा वाटा राजीखुशीने देण्यास आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घाईने न घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वहीत दुसऱ्याची जमा रक्कम आपण कधी दडवीत नाही. तोच नेम घरातही पाळला जावा, एवढीच आमची विनंती आहे.