संघांत नवा गडी येतो तेव्हां

जून महिना आला, शाळेचे दरवाजे उघडले, कीं पहिल्या दिवशीं प्रत्येक वर्गांत चारदोन अनोळखी चेहरे दिसतात. कोणी परगांवाहून आलेला असतो, कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते, तर कोणास आईबापांनीं मोठ्या आशेनें नव्या शाळेंत घातलेलें असतें. जुनीं मुलें आपापल्या बांकावर घोळक्यानें बसतात, आणि नवा मुलगा दाराशीं पिशवी सांवरीत उभा राहतो. त्याच्याकडे पाहतांना आम्हांस दरवर्षीं एकच प्रश्न पडतो. हा मुलगा वर्गास बदलील, कीं वर्ग ह्यास बदलील?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांस वर्गाबाहेर, फुटबॉलच्या मैदानावर नेणार आहों. ज्यांस हा खेळ आवडतो ते आनंदानें येतीलच. ज्यांस आवडत नाहीं त्यांनींही थोडा वेळ सोबत करावी. पालकांनाही आमची तीच विनंती आहे, कारण विषय केवळ चेंडूचा नाहीं.

इंग्लंडांत फुटबॉलचा हंगाम साधारणपणें ऑगस्टांत सुरू होतो व मे महिन्यांत संपतो. मधल्या उन्हाळ्यांत सामने नसतात; परंतु क्लबांच्या कचेऱ्यांत मोठी गडबड चाललेली असते. एका क्लबाचे खेळाडू दुसऱ्या क्लबांत जातात ते बहुधा ह्याच सुटींत. ज्याचा करार अद्यापि संपलेला नाहीं अशा खेळाडूस न्यावयाचें असेल, तर त्याच्या क्लबास ठरेल ती रक्कम द्यावी लागते. वर्तमानपत्रें त्या रकमांचे आंकडे ठळक अक्षरांत छापतात, आणि वाचकांची समजूत अशी होते, कीं ज्यानें अधिक पैसे मोजले तोच पुढील वर्षीं जिंकणार. पैशाचा उपयोग होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चांगले खेळाडू मिळणें ही एक गोष्ट, आणि संघास जिंकण्याची संवय लागणें ही दुसरी. पहिली विकत घेतां येते. दुसरी एकानें दुसऱ्यापासून शिकावी लागते. हें कसें घडतें तें डर्बी शहरच्या क्लबाच्या हकीकतीवरून चांगलें समजतें.

डर्बी हें इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें शहर. आगगाडीचे कारखाने आणि रोल्स-रॉइसचीं विमानांचीं इंजिनें ह्यांमुळें तें प्रसिद्धीस आलें. तेथील डर्बी कौंटी हा क्लब १८८४ सालीं स्थापन झाला, आणि १९४६ सालीं त्यानें एफ. ए. कप हा मानाचा चषक जिंकला. पुढें मात्र त्यास उतरती कळा लागली. १९६७ च्या वसंतांत तो दुसऱ्या डिव्हिजनमध्यें, बावीस संघांत सतराव्या क्रमांकावर होता. त्या उन्हाळ्यांत ब्रायन क्लफ हा बत्तीस वर्षांचा व्यवस्थापक तेथें आला, आणि त्याच्यासोबत त्याचा जोडीदार पीटर टेलर. खेळाडू पारखण्यांत टेलरचा हातखंडा होता.

दोघांनीं लागलीच तरुण खेळाडू जमविण्यास प्रारंभ केला. सुंदरलंडहून जॉन ओहेअर आला. ट्रॅनमियर रोव्हर्स ह्या लहान क्लबांतून एकोणीस वर्षांचा रॉय मॅकफार्लंड आला. मॅकफार्लंडची गोष्ट मौजेची आहे. क्लफ व टेलर रात्रीं उशिरां त्याच्या घरीं जाऊन थडकले, तेव्हां तो झोंपी गेला होता. त्यास उठविण्यांत आलें, आणि त्यानें रात्रीच्या पोशाखांतच करारावर सही केली. त्याच्यासाठीं क्लबानें २४,००० पौंड मोजले.

एवढा खटाटोप करून फळ काय मिळालें? हंगामाच्या शेवटीं डर्बीचा क्रमांक अठरावा लागला. म्हणजे पूर्वीपेक्षां एक पायरी खालीं! बेचाळीस सामन्यांत संघानें ७१ गोल केले, पण ७८ गोल अंगावर घेतले. मुलें गुणी होतीं, जीव तोडून धांवत होतीं. परंतु सामन्याचा रंग पालटूं लागला म्हणजे काय करावें, हें त्यांस मैदानावर दाखवून देणारें कोणी नव्हतें. बाहेर बसलेला व्यवस्थापक कितीही ओरडला, तरी भर सामन्यांत त्याचा शब्द किती पोहोंचणार?

१९६८ च्या उन्हाळ्यांत क्लफ लंडनला गेला, आणि इतरांस ज्याचें नांवही सुचलें नसतें असा खेळाडू त्यानें मागितला. डेव्ह मकाय हा स्कॉटलंडांतील एडिंबरो येथें १९३४ सालीं जन्मला. १९६०-६१ च्या एकाच हंगामांत टॉटनहॅम हॉटस्परनें लीग व कप हीं दोन्ही जिंकलीं, त्या संघाचा तो कणा होता. १९६३ व १९६४ सालीं त्याचा डावा पाय दोनदां मोडला. तरी तो पुन्हा उभा राहिला, आणि १९६७ सालीं कर्णधार म्हणून त्यानें एफ. ए. कप परत उंचावला. पण आतां तो तेहतीस वर्षांचा झाला होता, आणि पाय पूर्वीसारखे धांवत नव्हते. स्कॉटलंडांत आपल्या जुन्या क्लबाकडे परतावें, असा त्याचा विचार चालला होता. क्लफनें त्याचें मन वळविलें. किंमत पडली ५,००० पौंड. म्हणजे मॅकफार्लंडसाठीं दिलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

क्लफनें त्यास धांवपळीच्या मधल्या जागेवरून काढून मागें, बचावफळींत, तरुण मॅकफार्लंडच्या शेजारीं उभें केलें. ह्यांत मोठा शहाणपणा होता. मागें उभ्या असलेल्या खेळाडूस सगळें मैदान समोर दिसतें. तो बोलला तर सर्वांस ऐकूं जातें. कमकुवत संघाची एक खूण अशी, कीं चेंडू आपल्या गोलापाशीं आला म्हणजे भीतीनें तो कोठें तरी दूर झुगारून द्यावयाचा. मकाय चेंडू पायाशीं शांतपणें थांबवी, मान वर करून पाही, आणि आपल्या गड्याकडेच तो देई. शेजारचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा हें दर शनिवारीं पाहत होता. भिण्याचें कारण नाहीं, असें हजार वेळां सांगितल्यानें जें झालें नसतें, तें न भिणाऱ्या माणसाशेजारीं उभें राहिल्यानें झालें.

सरावांतही तेंच. ज्यानें मोठमोठे मान मिळविले होते, तो मनुष्य पांच-पांच जणांच्या सरावाच्या खेळांतही हार सहन करीत नसे. अशा माणसासमोर अंगचोरपणा करण्यास कोणास धजेल? ज्याला सर्व कांहीं मिळालें आहे तोच सर्वांत अधिक घाम गाळतो, हें पाहिल्यावर इतरांस वेगळा उपदेश लागत नाहीं.

ह्याच सुमारास, सप्टेंबर १९६८ मध्यें, हार्टलपूलहून जॉन मॅकगव्हर्न नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा संघांत आला. दिसण्यांत तो किरकोळ, धांवण्यांत फार वेगवान नव्हे. पण शिकण्यास तो उत्सुक होता. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

आतां फळ पाहूं. १९६८-६९ च्या हंगामांत डर्बीनें बेचाळीसपैकीं २६ सामने जिंकले, ११ बरोबरींत सोडविले, व फक्त ५ गमावले. त्या काळीं विजयास दोन गुण व बरोबरीस एक गुण मिळे. त्या हिशेबानें ६३ गुण मिळवून संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्यें पहिला आला. आमच्या मतें ह्याहून बोलका आंकडा दुसराच आहे. आदल्या वर्षीं अंगावर घेतलेले गोल होते ७८. ह्या वर्षीं ३२. त्या वर्षाचा उत्कृष्ट फुटबॉलपटु म्हणून मकायची, मँचेस्टर सिटीच्या टोनी बुकबरोबर, संयुक्त निवड झाली.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. १९७१ च्या उन्हाळ्यांत मकाय डर्बी सोडून गेला. शिक्षक वर्गांत असतांना वर्ग शांत बसतो ह्यांत नवल नाहीं. शिक्षक बाहेर गेल्यावर काय होतें त्यावरून वर्गाची पारख होते. डर्बीचें काय झालें? १९७१-७२ च्या हंगामांत, मकाय नसतांना, डर्बी कौंटी पहिल्या डिव्हिजनमध्यें ५८ गुण मिळवून इंग्लंडचा विजेता ठरला. त्याचे सामने आधीं संपले होते, आणि प्रतिस्पर्ध्यांचे शेवटचे सामने पुरे झाले तेव्हां डर्बीचे खेळाडू स्पेनच्या मायोर्का बेटावर सुटी घालवीत होते. बचावाच्या मध्यभागीं आतां मॅकफार्लंड हा जाणता होता, आणि त्याच्या शेजारीं कॉलिन टॉड हा नवा तरुण उभा होता. शिकलेला आतां शिकविणारा झाला होता. संवय रुजली म्हणतात ती अशी.

सर्व श्रेय एकट्या मकायला देणें अन्यायाचें होईल. टेलरची पारख होती, क्लफची शिस्त होती. शिवाय केव्हिन हेक्टर व रॉन वेब्स्टर ह्यांसारखे क्लफच्या पूर्वींपासून असलेले खेळाडूही होते. क्लफनें पुष्कळ जुन्या खेळाडूंस निरोप दिला, पण ह्या गुणी माणसांस जवळ ठेविलें; आणि त्यांनींही नव्यांस परके मानलें नाहीं. ही गोष्ट लहान दिसते, पण ती नसली म्हणजे काय होतें, हें त्याच क्लफच्या पुढील चरित्रावरून दिसून येतें.

१९७४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस क्लफ लीड्स युनायटेडचा व्यवस्थापक झाला. लीड्स हा त्या वर्षाचा विजेता संघ होता. परंतु त्या संघाच्या खेळण्याच्या पद्धतीवर क्लफनें पूर्वीं अनेकदां उघड टीका केली होती. आणि आल्यावरही त्यानें खेळाडूंस त्यांच्या तोंडावर ऐकविलें, कीं तुमचीं पदकें प्रामाणिकपणें मिळविलेलीं नाहींत. अशा वातावरणांत त्यानें डर्बीहून ओहेअर व मॅकगव्हर्न ह्या आपल्या विश्वासू खेळाडूंस आणलें. माणसें तींच, गुण तेच, व्यवस्थापकही तोच. पण ज्यांच्यामध्यें त्यांनीं खेळावयाचें, त्यांचीं मनें आधींच दुखावलेलीं होतीं. स्वतःच्या मैदानावर स्वतःच्याच प्रेक्षकांनीं मॅकगव्हर्नची हुर्यो केली. लीगच्या पहिल्या सहा सामन्यांपैकीं एकच जिंकला, आणि चव्वेचाळीस दिवसांत क्लफला जावें लागलें.

जें बीं एका शेतांत तरारून उगवलें तेंच दुसऱ्या शेतांत कां कुजलें? आमच्या मतें ह्याचें उत्तर असें. डर्बीत मकाय आला तो शिकवावयास, पण कोणाचा अपमान करावयास नव्हे. म्हणून मुलांनीं त्याच्यापासून घेतलें. लीड्समध्यें नव्यांचें आगमन हाच जुन्यांस अपमान वाटला. मग कोण कोणापासून काय घेणार? नवा गडी कितीही गुणी असो. त्याचा गुण संघाचा व्हावयाचा असेल, तर देणाऱ्याच्या मनांत नम्रता व घेणाऱ्याच्या मनांत विश्वास पाहिजे.

मॅकगव्हर्नचें नांव आम्हीं लक्षांत ठेवावयास सांगितलें होतें. १९७५ सालीं तो व ओहेअर दोघेही क्लफच्या मागोमाग नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्या क्लबांत गेले. तोही तेव्हां दुसऱ्या डिव्हिजनमध्येंच होता. १९७८ सालीं फॉरेस्ट इंग्लंडचा विजेता झाला. १९७९ सालीं म्युनिक येथें व १९८० सालीं माद्रिद येथें त्यानें युरोपियन कप जिंकला, आणि दोन्ही वेळां तो कप स्वीकारणारा कर्णधार होता जॉन मॅकगव्हर्न. लीड्सच्या लोकांनीं ज्याची हुर्यो केली, तोच हा.

आतां एक गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची. पुष्कळ वर्षांपूर्वीं, ज्या शाळेंत आम्ही तेव्हां शिकवीत होतों, तेथें फुटबॉलच्या संघाची जबाबदारी आमच्याकडे होती. एका जूनमध्यें परगांवाहून एक मुलगा आला. चेंडू त्याच्या पायास जणूं बांधलेला असे. आम्ही हर्षानें वेडे झालों, आणि त्यास आघाडीच्या मधल्या जागेवर घेतलें. त्या जागेवर दोन वर्षें इमानानें खेळलेल्या मुलास आम्हीं एक शब्दही सांगितला नाहीं. फलकावरील यादींत आपलें नांव नाहीं, हें त्यानें चार मुलांदेखत वाचलें. सामन्यांत नवा मुलगा मोकळा उभा राही, हात वर करी, आणि चेंडू दुसरीकडे जाई. आम्ही सामना हरलों. दिवाळीनंतर नव्या मुलानें मैदानावर येणें सोडलें. जुना तर आधींच येईनासा झाला होता. दोघांपैकीं कोणाचाही दोष नव्हता. दोष आमचा होता. आम्हीं एक चांगला गडी मिळविला असें आम्हांस वाटलें. वस्तुतः आम्हीं दोन गमावले. त्या जुन्या मुलास आदल्या दिवशीं जवळ बोलावून चार शब्द सांगितले असते, आणि नव्यास घेऊन सराव करण्याचें काम त्याच्याकडेच दिलें असतें, तर कदाचित् दोघेही टिकले असते. ही रुखरुख अजून आमच्या मनांतून गेलेली नाहीं.

म्हणून पालकांस आमचें सांगणें, कीं मुलास चांगल्या शाळेंत घातलें म्हणजे काम संपलें असें समजूं नये. शाळेंत चांगल्या संवयी असतील तर त्या उचलण्याची तयारी त्यास घरूनच मिळाली पाहिजे. आणि आपला मुलगा हुशार असेल, तर आपली हुशारी इतरांच्या उपयोगी पाडावी हेंही त्यास घरींच कळलें पाहिजे. नव्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें, कीं पहिल्या दिवशीं कोणी चेंडू दिला नाहीं म्हणून मैदान सोडूं नका. आणि जुन्या विद्यार्थ्यांनों, तुम्हांस एवढेंच सांगतों: येत्या जूनमध्यें दाराशीं पिशवी घेऊन एक मुलगा उभा राहील. तो मकाय असेल कीं मॅकगव्हर्न, हें त्या दिवशीं तुम्हांस कळणार नाहीं, आम्हांसही कळणार नाहीं. बांकावर थोडें सरकून त्यास जागा करून द्या.