निकटदृष्टिता आणि तिमिर : सूचीपाशाची कसोटी

डहाणू तालुक्यातील आशागड परिसरात व्यवसाय करताना ‘फळ्यावरचे दिसत नाही’ ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. पुष्कळदा ती मुलाची नसतेच. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून त्याला आणलेले असते. अशा रुग्णाच्या केसपेपरवर आपण बहुधा ‘पटलगत तिमिर’ असे लिहितो आणि त्रिफळा घृत, सप्तामृत लोह सुरू करतो. या निदानाचा फेरविचार व्हावा, यासाठी हे टिपण.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात द्वितीय पटलगत दोषाचे जे लक्षण दिले आहे, त्यात प्रयत्न करूनही सूचीपाश, म्हणजे सुईचे नेढे, दिसत नाही. निकटदृष्टितेत नेमके उलट असते. रुग्ण सुईत दोरा सहज ओवतो, परंतु दूरचा माणूस ओळखत नाही. हे लक्षण चाळिशीतल्या रुग्णास अधिक लागू पडते! प्रथम पटलातील अव्यक्त रूपदर्शन जुळते खरे, परंतु तेवढेच. शिवाय तिमिराची परिणती काच व लिंगनाशात होते. शाळकरी वयातील सामान्य निकटदृष्टिता बहुधा विशीच्या सुमारास स्थिरावते.

येथे विकृती आहे ती मुख्यत्वे नेत्रगोलाच्या लांबीत. प्रौढाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर अधिक वाढला तरी सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा दोष उत्पन्न होतो व दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. (हे दृष्टिपटल म्हणजे सुश्रुतोक्त पटल नव्हे.) अनुवंश, दीर्घकाळ जवळचे वाचन व उघड्यावरील प्रकाशाचा अभाव ही प्रमुख कारणे होत. वाडीत, शेतावर वावरणाऱ्या मुलांसही हा दोष होतो. मात्र रोज सुमारे दोन तास बाहेर घालविल्यास तो उद्भवण्याची शक्यता कमी होते.

अंतर्वक्र भिंग किरणांस किंचित विस्फारून प्रतिमा मागे, दृष्टिपटलावर नेते. अंदाज चिकित्सालयातही घेता येतो. एक डोळा झाकून पुस्तक हळूहळू दूर न्यावे. अक्षरे ५० सेंटिमीटरवर पुसट होऊ लागली तर सुमारे उणे २, ३३ वर झाली तर उणे ३. पुठ्ठ्याच्या सूक्ष्म छिद्रातून पाहताना दृष्टी सुधारली, तर दोष बहुधा भिंगाने सुटणारा आहे असे समजावे. नक्की क्रमांक मात्र नेत्रतपासणीनेच ठरवावा.

काही वर्षांपूर्वी इयत्ता सहावीतील एका मुलीस आम्ही तीन महिने घृतच देत राहिलो. ‘मुलीच्या जातीला चष्मा नको’ हा पालकांचा आग्रह आम्ही मोडला नाही, ही आमचीच चूक. पुढे चष्मा लागल्यावर ती प्रथम म्हणाली, “ताडाला बांधलेली मडकी दिसतात.” तोवर सहामाही परीक्षा होऊन गेली होती.

‘चष्म्याने नंबर वाढतो’ म्हणून मुद्दाम कमी क्रमांक देण्याची प्रथाही निराधार आहे. मलेशियातील मुलांवरील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी क्रमांक दिलेल्यांचा दोष उलट वेगाने वाढलेला आढळला.

घृताचा उपयोग नेत्ररूक्षता व श्रम यांसाठी आम्ही आजही करतो. त्याने चष्मा सुटेल असे मात्र सांगत नाही. उणे ६ च्या पुढील रुग्णाने डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे किंवा पडदा आल्यासारखे सांगितल्यास तर्पण, नस्य यांत वेळ न दवडता त्याच दिवशी नेत्रशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.