पहिलं आरसी विमान : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

रिमोटवर उडणारं विमान शिकायला घ्यायचं ठरलं की बहुतेक जण विचारतात, ‘चांगलं विमान केवढ्याला मिळेल?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. विमानाला दोन-अडीच हजार, बाकीच्या सामानाला आठ ते बारा हजार. शिकणाऱ्याचं पहिलं विमान आपटणार, बहुधा अनेकदा आपटणार. म्हणून जे आपटणार आहे ते स्वस्त असावं आणि जे हातात किंवा घरात राहणार आहे, म्हणजे ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि चार्जर, ते नीट असावं. ही दोन यंत्रं पुढच्या चार-पाच विमानांनाही चालतात.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. खेळण्यांच्या दुकानात दीड ते तीन हजारांना मिळणाऱ्या विमानांत बहुतेकदा दोन छोटे पंखे असतात आणि एक जोरात, एक हळू फिरवून ती वळतात. शेपटीला हलणारा एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी पट्टी, नसल्यामुळे त्यांवर विमान चालवण्याची सवय लागत नाही. दुसरा मोह लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा. राफेल किंवा तेजससारखं दिसणारं फोमचं विमान छान दिसतं, पण ते वेगात उडतं, आणि दुरून त्याचं तोंड कुठे नि पाठ कुठे हे नवख्याला कळत नाही. असं विमान पहिलं घेऊ नका, कुणी भेट दिलं तरी वर्षभर कपाटात ठेवा.

पहिल्या विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले असावेत आणि दोन्ही टोकांना थोडे वर उचललेले असावेत. असं विमान कलंडलं तरी हात सैल सोडल्यावर स्वतःहून सरळ व्हायला बघतं. पंखांचा पसारा एक ते सव्वा मीटर, आणि कंट्रोल तीनच : थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (डावं-उजवं), एलेव्हेटर. पंखांवरच्या एलेरॉनची घाई नको.

वजनाकडे मात्र बारकाईने बघा, कारण विक्रेते ते सहसा सांगत नाहीत. समजा पंख १२० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झालं २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट विमान ७०० ग्रॅमचं असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर २९ ग्रॅम भार येतो, आणि असं विमान ताशी साधारण २२-२३ किलोमीटर इतक्या कमी वेगापर्यंत हवेत तग धरतं. तोच पंख १२०० ग्रॅमच्या विमानाला लावला तर हा किमान वेग तिसाच्या घरात जातो. गोंधळलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो तो या सात-आठ किलोमीटरच्या फरकात. भार ३५ ग्रॅमच्या आत असलेलंच विमान घ्या.

असं विमान घरी बनवलं तर ढाच्याचा खर्च पाच-सातशे रुपये येतो. दोन कागदांच्या मध्ये फोम असलेला पातळ बोर्ड, हॉट ग्लू, पॅकिंगची टेप, बांबूच्या काड्या आणि लोखंडी तार एवढंच लागतं. पीव्हीसीचा कडक सनबोर्ड घेऊ नका, तो कित्येक पट जड असतो. फ्लाइट टेस्ट या अमेरिकी गटाचे साध्या विमानांचे आराखडे फुकट मिळतात. ते कागदावर छापून कापायचे. ज्यानं स्वतः चिकटवलेलं असतं त्याला तुटल्यावर नक्की काय तुटलं ते कळतं, आणि दुरुस्ती वीस रुपयांत होते.

आता खरेदीकडे वळू. खाली दिलेल्या किमती अंदाजाच्या आहेत. दुकानागणिक आणि डॉलरच्या भावागणिक त्या बदलतात. ट्रान्समीटर सहा चॅनलचा घ्या. फ्लायस्काय एफएस-आय६ हा आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा संच रिसीव्हरसह पाच हजारांच्या आसपास येतो. घेताना ‘मोड २’ सांगा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला येतं. आपल्याकडे बहुतेक जण असंच उडवतात, त्यामुळे अडचणीत शेजारचा तुमचा ट्रान्समीटर हातात घेऊ शकतो. २२१२ आकाराची हजार केव्हीची ब्रशलेस मोटर पाचशेला, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी तेवढ्यालाच, शेपटीच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे सर्वो दीडशेला एक. सर्वो दोन लागतात, पण तीन घ्या. प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा, शंभराच्या आत मिळतो. तो चार नग घ्या, कारण जमिनीला सगळ्यात आधी तोच भिडतो.

खर्चाची खरी मेख बॅटरीत आहे. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) दोन हजारांच्या आसपास पडते. सरासरी दहा अँपिअर ओढणारं विमान तिच्यावर, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून, साधारण दहा मिनिटं उडतं. मैदान घरापासून तासभर लांब असेल तर दहा मिनिटांसाठी कुणी जात नाही, म्हणून एका बॅटरीवर भागत नाही. दोन हव्यात. त्या नीट सांभाळल्या नाहीत तर वर्ष-सहा महिन्यांत फुगतात आणि चार हजार गेले असं होतं. सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. साडेतीनच्या खाली उतरू देऊ नका. त्यासाठी दीडशे रुपयांचा लिपो अलार्म विमानातच लावून ठेवा. आठवडाभर उडवणार नसाल तर भरलेली बॅटरी ठेवू नका, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

हे ३.८ व्होल्ट आणण्याची सोय साध्या चार-पाचशे रुपयांच्या चार्जरमध्ये नसते. म्हणून आयमॅक्स बी६ धाटणीचा बॅलन्स चार्जर आणि त्याचा अॅडॉप्टर, मिळून दोन-अडीच हजार, हा खर्च मी टाळू देणार नाही. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर चार्ज करायची, फरशीवर, समोर बसून. गादीवर किंवा रात्री झोपताना कधीच नाही. फुगलेली किंवा आपटून चेपलेली लिपो पेट घेऊ शकते, तिचा मोह धरू नका.

बेरीज केली तर दोन बॅटऱ्या आणि चांगला चार्जर धरून चौदा हजारांच्या आसपास होतात. एक बॅटरी आणि साधा चार्जर घेतला तर दहा हजारांच्या आसपास भागतं, पण मग चार्जरचे पैसे पुन्हा खर्च होतात. मुळात हात तंग असेल तर मी ट्रान्समीटर आधी घ्या म्हणेन. पाच-सहाशे रुपयांची केबल लावून तो संगणकाला जोडता येतो, आणि पिकासिम हा सिम्युलेटर फुकट आहे. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. नवख्याची बरीच विमानं याच क्षणी पडतात. जो पंख खाली गेलाय त्याच्याच दिशेला काडी ढकलायची, ही सवय पडद्यावर लागली तर केबलचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल होतात.

बनवण्याची आवड किंवा वेळ नसणाऱ्यांसाठी विमान आपोआप सरळ ठेवणारा जायरो बसवलेले तयार संच सात-आठ हजारांच्या पुढे मिळतात. ते सोपे असतात हे खरं. पण त्यांतलं अर्ध्या मीटरचं हलकं विमान वाऱ्यात पाचोळ्यासारखं उडतं, आणि त्याचा रिमोट बहुतेकदा दुसऱ्या विमानाला चालत नाही. सुटे सर्वो आणि पंख त्याच दुकानात मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. नियमांच्या भाषेत आपलं विमानही ड्रोनच, आणि तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे परदेशातून तयार विमान मागवण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.

उडवण्याआधी दोन गोष्टी तपासा, दोन्ही फुकट आहेत. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तीस टक्के अंतरावर, म्हणजे आपल्या २० सेंटीमीटरच्या पंखात पाच-सहा सेंटीमीटरवर, दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, नाहीतर विमान हातातून सुटताच उलटेल. मग प्रॉप काढून, मोटर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करा; मोटर आपोआप थांबली पाहिजे. थांबत नसेल तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवण्याची सेटिंग) लावल्याशिवाय मैदानात जाऊ नका.

मैदान कुठलं, हा प्रश्न खरेदीच्या आधीचा आहे. ड्रोन नियम २०२१ आपल्या विमानालाही लागू होतात. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावरचे लाल-पिवळे पट्टे पाळावेच लागतात. २५० ग्रॅमच्या वर नोंदणी आणि विम्याच्या अटीही वाचून घ्या. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात आणि त्यांत रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. पुण्यात लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए, नाशकात ओझर आणि देवळाली, नागपुरात सोनेगाव, गोव्यात दाबोळी, या विमानतळांच्या आणि लष्करी ठिकाणांच्या आसपास विचारही करू नका. गावाकडे रब्बीची कापणी झालेलं रान, मालकाला विचारून, सकाळी वारा उठायच्या आत, ही सगळ्यात चांगली जागा. मुलगा-मुलगी एनसीसीच्या हवाई विभागात असेल तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, त्या प्रशिक्षकांना विचारा. आणि संक्रांतीच्या आधीचे-नंतरचे आठ दिवस विमान घरीच ठेवा. मांजा प्रॉपमध्ये गुंतला तर विमान जातंच, शिवाय तुटलेला मांजा कुणाच्या तरी गळ्याशी येतो.