पशुसल्ला : दगडीला कोणतं इंजेक्शन?

संदेश आज जरा लांब आहे. सकाळच्या धारा आटोपल्या की निवांत वाचा, आणि घरात ज्या ताई-माई धारा काढतात त्यांनाही वाचून दाखवा. सड त्यांच्या हातात असतो, दगडी आधी त्यांनाच कळते.

मागच्या महिन्यात सकाळी सहाला आपल्या एका सभासद भाऊंचा फोन आला. "म्हशीला दगडी झाली. डॉक्टर नको, फक्त इंजेक्शनचं नाव सांगा, मेडिकलवरून आणतो." मी विचारलं, कोणता सड? दूध कसं दिसतं? ताप आहे का? आधी काही दिलं का? तेव्हा कळलं की फ्रीजमध्ये मागच्या वर्षीची अर्धी बाटली पडली होती, ती दोन दिवस दिली. दूध बरं दिसलं म्हणून थांबवलं. आठवड्याने गाठी पुन्हा आल्या. मग शेजाऱ्याने सांगितलेलं दुसरं दिलं. फोन आला तोवर मागचा उजवा सड दगडासारखा झाला होता. डॉक्टरांनी म्हैस वाचवली, सड वाचला नाही. चौथा हिस्सा दूध कायमचं गेलं.

भाऊंचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचं उत्तर नुसत्या नावाने देता येत नाही. का, ते समजून घेऊ.

दगडी, म्हणजे कासदाह, हा एकाच जंतूचा रोग नाही. वरून सूज सारखीच दिसते, आत जंतू वेगवेगळे असतात. स्ट्रेप्टोकोकस असेल तर साध्या, स्वस्त पेनिसिलीनने काम बऱ्याचदा होतं. स्टॅफिलोकोकस असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या पुष्कळ जाती पेनिसिलीन तोडणारं रसायन स्वतःच तयार करतात, म्हणून क्लॉक्सासिलीनसारखं न तुटणारं औषध लागतं. शिवाय हा जंतू कासेत गाठी करून लपतो. दुखणं जुनं झालं की कितीही महाग औषध त्या गाठीत नीट पोचत नाही. भाऊंच्या म्हशीचं बहुधा हेच झालं. दूध स्वच्छ दिसलं म्हणजे जंतू गेला असं नसतं.

तिसरा ई. कोलाय, शेणातला. पावसाळ्यात गोठा ओला, बसायला कोरडी जागा नाही, तेव्हा याचं फावतं. हा एकदम येतो : रात्री म्हैस चांगली, सकाळी ताप, चारा बंद, सडातून पाण्यासारखं पिवळट दूध. याच्यावर साधं पेनिसिलीन चालत नाही. आणि दुखणं सौम्य असेल तर पुष्कळदा जनावराचं शरीर स्वतःच जंतू काढून टाकतं. जोरात असेल तर जंतूपेक्षा त्याचं विष जास्त मारतं, तिथे सलाईन आणि सूज-तापाचं औषध आधी लागतं. अशा जनावराला तासातासाचा हिशोब असतो. मेडिकलच्या दुकानात वेळ घालवू नका, १९६२ लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

मग जंतू ओळखायचा कसा? डोळ्यांनी नाही. दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, तिथे जंतू वाढवतात आणि कोणत्या औषधाने तो मरतो ते बघतात. दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर लक्षणं बघून औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरज पडली तर बदलतात. पण नमुना पहिल्या इंजेक्शनच्या *आधी* घ्यावा लागतो. आधीच काहीबाही दिलेलं असलं की जंतू वाढत नाही, रिपोर्ट कोरा येतो. हात धुवा, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, मग निर्जंतुक बाटली तिरपी धरून थोडं दूध घ्या. बाटलीचं तोंड सडाला लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा.

आता "भारीतलं द्या डॉक्टर" याबद्दल. हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. सेफ्ट्रायॅक्सोन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन महाग म्हणून जोरदार, असं आपण धरतो. खरं तर जे औषध त्या जंतूवर चालतं आणि त्या जागी पोचतं ते जोरदार, मग ते वीस रुपयांचं का असेना. या दोन गटांची औषधं जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी अतिमहत्त्वाच्या यादीत ठेवली आहेत, कारण माणसाच्या रक्तातल्या आणि पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गात तीच लागतात. गोठ्यात ती उठसूट वापरली की जंतू त्यांना सरावतात, आणि तोच जंतू हाताला, शेणाला, पाण्याला लागून घरात येतो. धार काढणाऱ्याच्याच घरात आधी. कोलिस्टिन नावाचं औषध तर माणसांसाठी शेवटचा आधार म्हणून केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैत अन्न देणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत बंदच केलं. कोणी पावडर-खुराकात मिसळून देत असेल तर घेऊ नका.

डोसचंही तसंच. डोस वजनावर ठरतो. चारशे किलोच्या म्हशीला वासराचा डोस दिला की कमजोर जंतू मरतात, चिवट राहतात आणि पुढच्या वेळी गोठ्यात त्यांचंच राज्य. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणात हाच धोका सांगून ठेवला होता. किती दिवस द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दूध सुधारलं म्हणून मधेच आपल्या मनाने सोडू नका.

आणि सगळ्याच दुखण्यांना ही औषधं लागतही नाहीत. लम्पी आठवते ना? २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातली पहिली केस ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडली. त्या दिवसांत घाबरून लोकांनी गाठी दिसल्या की अँटिबायोटिक टोचून घेतलं. लम्पी विषाणूचा रोग, लाळ्या-खुरकूतही विषाणूचाच. विषाणूवर हे औषध शून्य काम करतं. गाठी फुटून जखमेत जंतू शिरले, न्यूमोनिया झाला, तर डॉक्टर देतात, ते त्या जंतूंसाठी. वासराच्या हगवणीतही आधी पाणी-मीठ-साखर भरून काढायची. बहुतेक वासरं पाणी कमी होऊन मरतात. एक अजून : मोठ्या जनावराला माणसाच्या कॅप्सूल भाकरीत घालून देऊ नका. कोठीपोटातले चारा पचवणारे चांगले जंतूच मरतात आणि रवंथ बंद पडतो.

सूज-वेदनेचं औषध विचारताना डायक्लोफिनॅक मागू नका. गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे. मेलॉक्सिकॅम मिळतं.

आता डेअरीचा विषय, यात आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. इंजेक्शन दिलं किंवा सडात ट्यूब भरली की औषध दुधात उतरतं. ट्यूब एकाच सडात भरली तरी *चारही सडांचं* दूध वेगळं काढायचं. किती दिवस, ते बाटलीच्या लेबलवर लिहिलेलं असतं, त्याला औषध-खंड काळ म्हणतात. लेबलवर नसेल तर नियमाने दुधासाठी कमीत कमी ७ दिवस धरा. उकळल्याने औषध पूर्ण जात नाही. घरातला अनुभव आठवा : औषध दिलेल्या म्हशीच्या दुधाला विरजण लावलं तरी दही नीट लागत नाही, कारण औषध दह्याच्या जंतूंनाही मारतं. असं दूध वासरालाही पाजू नका. संकलनात एकाचं दूध सगळ्यांच्या दुधात जातं आणि पट्टीच्या तपासणीत अख्खी कॅन परत येते. औषध चालू असेल तर लाजू नका, संकलनावर सांगा. सांगणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही, हे संचालक मंडळाने ठरवलं आहे.

खर्च वाचवायचा असेल तर दगडी लवकर पकडा. रोज पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या, फुटक्या दुधाचे कण लगेच दिसतात. पंधरा दिवसांतून एकदा कपडे धुण्याच्या पावडरची परीक्षा करा : अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम पावडर विरघळवा, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घ्या, तेवढंच पाणी मिसळून गोल फिरवा. घट्ट, चिकट झालं तर त्या सडात आतून सूज आहे. हे दूध नंतर फेकून द्या, म्हशीला किंवा मांजराला देऊ नका. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच चारा टाका. खात उभी राहिली की अर्धा तास बसत नाही, तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. ज्या म्हशीला दगडी आहे तिची धार सगळ्यात शेवटी काढा, मग हात धुवा.

फ्रीजमधल्या अर्ध्या बाटल्या आजच बाहेर काढा. पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, दवाखान्यात परत द्या.

नमुन्याच्या निर्जंतुक बाटल्या कंपनीच्या ऑफिसात ठेवल्या आहेत, सभासदांना फुकट. न्यायला येताना जनावराचा कानातला बिल्ला क्रमांक लिहून आणा, नमुन्याच्या कागदावर तो लागतो.