आखातातला पहिला उन्हाळा : कुपवाडहून येणाऱ्यांसाठी

कुपवाड, मिरज, सांगली, माधवनगर या भागातून येऊन आखातात स्थिरावलेल्या कुटुंबांना आम्ही विचारलं होतं, की नव्याने येणाऱ्यांना उन्हाबद्दल काय सांगाल? ज्यांनी लिहून दिलं त्यांचं इथे आहे, जवळजवळ जसंच्या तसं. सौदीबद्दल एकाच कुटुंबाने लिहिलं आणि तेही थोडकं. ओमान-बहरीनबद्दल कुणीच लिहिलं नाही, त्यामुळे तो भाग इथे नाही.

वर्कशॉप आणि साईट (अबू धाबी, मुसाफ्फा. पूर्वी कुपवाड एमआयडीसीत फिटर)

१. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम बंद. हा कायदा आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. या वेळात सावली, पंखा आणि थंड पाणी देणं कंपनीवर बंधनकारक. मोडल्यास माणशी ५,००० दिरहम दंड, कमाल ५०,०००. डांबर टाकणं, काँक्रीट ओतणं, वीज-पाण्याची तातडीची दुरुस्ती अशा मध्येच न थांबणाऱ्या कामांना सूट आहे. फोरमन सूट सांगत असेल तर काम त्यातलं आहे का ते बघा.

२. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३०. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट ११ ते ४. तिकडे जाणाऱ्यांनी वेळा पाठ करा.

३. पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्केच. मग रोज २० टक्के वाढवा. अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात पडतो, कारण त्याला जुन्यांच्या बरोबरीने दिसायचं असतं. महिनाभर गावी राहून परत आलेला जुना माणूसही पुन्हा नवाच. त्याने पहिल्या दिवशी अर्धंच काम करावं.

४. पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर. तहान लागायची वाट बघू नका. तासाला दीड लिटरच्या वर पिऊ नका, तेही घातक असतं. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

५. ओआरएस पावडरचं पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

६. पोटरीत गोळे आले, चक्कर आली, मळमळलं की सावलीत बसा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात. ९९८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, कपडे सैल करा, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका. राबणाऱ्या माणसाला घाम फुटलेला असतानाही तो होतो.

थंड हवेचं कनेक्शन (दुबई, सात वर्षं)

मला एकच गोष्ट सांगायची आहे, कारण ती आम्हाला कुणी सांगितली नाही. इथे बऱ्याच इमारतींत एसी घरचा नसतो. गार पाणी बाहेरच्या प्लांटमधून पाइपाने येतं, त्याला चिलर म्हणतात, आणि त्याची कंपनी, खातं, डिपॉझिट, बिल सगळं वीज-पाण्याहून वेगळं असतं. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घर बदललं. करार झाला, त्याची इजारी म्हणजे सरकारी नोंदणी झाली, वीज-पाण्याचे २,००० दिरहम डिपॉझिट भरले, संध्याकाळी दिवे लागले. एसीतून मात्र गरम हवा.

चिलर कंपनीच्या खिडकीवर कळलं, की आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे, ती मिटेपर्यंत नवं खातं नाही. मी म्हटलं, त्याचा आमचा काय संबंध? मालकाचं पत्र आणा म्हणाले. मालक सुट्टीवर देशाबाहेर. एजंट फोन उचलेना. दुसऱ्या दिवशी पत्र ईमेलवर आलं, तर त्यावर शिक्का नाही. तिसऱ्या दिवशी शिक्का आला, तर फ्लॅटचा नंबर चुकलेला. तोवर सासूबाई कुपवाडहून आलेल्या, धाकटा दोन वर्षांचा. सासूबाईंनी पहिल्याच रात्री आपल्या सवयीने खिडक्या उघडल्या, आणि बाहेरची वाफ घरात शिरली. भिंतीला हात लावला तर ओला. पोराच्या मानेपासून कमरेपर्यंत घामोळं उठलं. शेजारच्या केरळी कुटुंबाने आम्हा चौघांना हॉलमध्ये गाद्या घालून दिल्या, त्या माउलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पाचव्या दिवशी गार हवा आली. त्या चार दिवसांबद्दल कुणी साधं "माफ करा" म्हणालं नाही. आजही लिहिताना संताप होतो.

तेव्हा सही करण्याआधी विचारा : थंडाव्याचं बिल कोण भरणार? भाड्यातच असेल तर त्याला चिलर फ्री म्हणतात. आधीच्या भाडेकरूने खातं बंद केल्याचा कागद मागा आणि हातात घ्या, फोटोवर भागवू नका. आणि जुन्या घराची किल्ली, नव्या घरात गार हवा लागेपर्यंत, सोडू नका.

माठ, पंखा आणि नळाचं पाणी (शारजा)

कुपवाडचा माणूस म्हणतो, ऊन काय आम्हाला नवीन आहे का? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडेही पारा चाळिशीला टेकतो. खरं आहे. पण आपलं ऊन कोरडं असतं. घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या की खोली गार होते, कूलर चालतो, ते सगळं पाणी वाळण्यावर. दिवस मावळला की वारा सुटतो, गच्चीवर अंथरूण टाकलं की काम झालं.

इथे समुद्रकाठी जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की काहीच वाळत नाही. घाम नुसता गळतो. रात्रीही पारा सहसा तिशीखाली उतरत नाही. मी हौसेने मिरजेहून काळा माठ आणला होता, कपड्यांत गुंडाळून, मांडीवर घेऊन. बाल्कनीत ठेवला. बाहेरून ओलाच राहायचा, पण पाणी कोमट ते कोमटच. पंधरा दिवसांत बुडाला हिरवी बुरशी धरली. पहाटे फिरायला निघालो तर चष्म्यावर धुकं चढायचं, दोनदा पुसूनही दिसेना. तेव्हा कळलं, की गावाकडचे आपले निम्मे उपाय इथे लागू पडत नाहीत. पारा चाळिशीपुढे गेला की नुसता पंखाही गरम हवाच अंगावर फेकतो, गारवा देत नाही. म्हणून सुरुवातीला पैसे वाचवायला एसी बंद ठेवून पंख्यावर झोपू नका. २४ अंशांवर लावा, जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, बिल आवाक्यात राहतं.

आंघोळीची युक्ती. टाकी गच्चीवर असते, त्यामुळे जूनपासून गार नळाला चटका बसणारं पाणी येतं. मग गीझर पूर्ण बंद करा. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं साठलेलं पाणी निवतं. म्हणजे उन्हाळाभर तांबडा नळ गार आणि निळा नळ गरम. लहान मुलांना हे सांगून ठेवा, नाहीतर भाजतात.

पन्हं आणि पोरं (दुबई, निवृत्त शिक्षिका)

पोरांनो, तुमची मुलं दुकानातून रंगीत डबे आणून पितात आणि तुम्ही बघत बसता, याचं मला वाईट वाटतं. ताकाला काय झालं? नाचणीची आंबील रात्री भिजवून सकाळी करायला दहा मिनिटं लागतात. इथल्या आपल्या शाळा एप्रिलात सुरू होतात आणि सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून आपली नातवंडं कुपवाडला जातात ती पावसात. झाडावरची कैरी, रसाची वाटी, गच्चीवरची झोप, वळीव पडल्यावर उठणारा मातीचा वास, यातलं त्यांनी काहीच बघितलेलं नाही. त्यांना आपला उन्हाळा ठाऊकच नाही. म्हणून चैत्रगौर मांडाच. गुढीपाडव्यापासून तिसऱ्या दिवशी गौर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं. आंब्याची डाळ आणि पन्हं मुलांच्या हाताने करवून घ्या. पन्ह्याला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. इतर देशांच्या शेजारणींनाही बोलवा.

एक कडक सूचना. खसखस आणू नका. अमिरातीत, सौदीत, कतारमध्ये ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोजतात. थंडाईच्या मसाल्यात असते, आईने दिलेल्या अनारशांवर असते. डबा उघडून बघा. वाळ्याचं खस सरबत वेगळं, ते चालतं. सब्जा चालतो.

कुवेत

मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, जागतिक हवामान संघटनेने ते २०१९ मध्ये मान्य केलं. आम्ही तेव्हा इथेच होतो. गाडीचं दार उघडायला हाताला फडकं गुंडाळायचो. मुलाला गाडीत दोन मिनिटंही एकटं ठेवू नका. लायटर, सेंटची बाटली, पॉवर बँक गाडीत राहू देऊ नका. वाऱ्याबरोबर धूळ येते तेव्हा दम्याचा पंप खिशात ठेवा.

रियाध

आमच्याकडे समुद्र नाही, हवा कोरडी. कूलर चालतो, माठ चालतो. शारजातल्या भाऊंनी माठ टाकून दिला नसेल तर धुऊन, वाळवून आमच्याकडे पाठवावा.