डोळा पुढे येतो तेव्हा नाकही तपासा

एका बाजूचा डोळा महिनोन्महिने थोडा थोडा पुढे येत राहतो, खाली आणि कानाच्या दिशेने सरकतो. दुखत मात्र नाही. माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात जातो, आणि ते बरोबरच आहे. तिथे बुबुळ स्वच्छ, नजर बरी, म्हणून थेंब मिळतात आणि पुढचा काळ असाच निघून जातो. मूळ दुखणं शेजारी असतं. कपाळातल्या किंवा नाकालगतच्या सायनसचं तोंड जुन्या सर्दीने, माराने, नाकातल्या कोंबाने किंवा आधीच्या ऑपरेशनने बंद होतं, आतला चिकट स्राव साठतो, पिशवी फुगते आणि हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीत शिरते. हा म्युकोसील. तो कॅन्सर नाही, पण म्हणून त्याला थांबवून ठेवता येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात या आजारात नजर जाते ती यंत्रं नसल्यामुळे कमी आणि निर्णय लांबल्यामुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे.

कारण पहिला संशय घ्यायला काहीच खर्च नाही. रुग्णाला खुर्चीवर बसवावं, मागे उभं राहून त्याच्या भुवयांवरून खाली पाहावं. कोणता डोळा पुढे आहे ते लगेच कळतं. दोन दिसतात का, हे विचारावं. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून बाहुली आकसते की उलट मोठी होते ते बघावं, आणि औषधाच्या बाटलीचं लाल झाकण दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का, हेही. ते एका बाजूला फिकट दिसत असेल तर दृष्टीच्या नसेवर दाब आल्याची शक्यता धरायलाच हवी. भुवईखालची सूज दाबल्यावर कधी कधी अंड्याच्या कवचासारखी कचकचते. आसवांच्या पिशवीची सूज डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली असते. सूज त्या कोपऱ्याच्या वर असेल तर नाकाकडे वळायलाच हवं. मोठ्या माणसात डोळा पुढे येण्याचं नेहमीचं कारण थायरॉइड असतं, म्हणून ती तपासणीही करावी, पण तिच्या रिपोर्टसाठी सायनसचा सीटी स्कॅन अडवून ठेवू नये. आणि सीटी होण्याआधी त्या सुजेला गळू समजून चीर देणं तर सर्वस्वी चुकीचं. हाडाला भोक असेल तर तिथे मेंदूचं आवरणही खाली आलेलं असू शकतं.

आक्षेप येतो तो असा: मेंदू आणि डोळा यांच्यामधली ही जागा, हाड झिजलेलं, मग छोट्या रुग्णालयाने हात का घालावा? भीती रास्त आहे, पण ती जुन्या शस्त्रक्रियेच्या कल्पनेतून आली आहे. पूर्वी पिशवीचं अस्तर पूर्ण सोलून काढणं हाच उपाय मानत, आणि उघड्या पडलेल्या मेंदूच्या आवरणावरून ते सोलणं खरंच धोक्याचं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत केनेडी आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून पिशवीचं तोंड नाकात रुंद उघडून अस्तर जागच्या जागी ठेवण्याची पद्धत मांडली, आणि आज जगभर हाच मुख्य उपचार आहे. नाकाकडे फुगलेला पुढचा म्युकोसील सरळ दुर्बिणीनेही उघडता येतो. कपाळाच्या बाहेरच्या कडेला असेल तर भुवईजवळून बाहेरचा छेद घ्यावा लागतो. व्रण राहतो, पण नजर वाचते. नुसती सुई घालून स्राव काढला तर तो पुन्हा भरतो. अँटिबायोटिक पू झालेला असताना लागतंच, पण बंद तोंड ते उघडू शकत नाही.

सगळंच छोट्या रुग्णालयात करा, असं मी म्हणत नाही. नाकाच्या अगदी मागच्या सायनसमधला म्युकोसील दृष्टीच्या नसेला चिकटून असतो. तिथे सराव असलेला हात हवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवायचं असेल तर त्याच दिवशी, फोन करून, सीटीच्या फिल्म आणि मोजलेली नजर लिहून पाठवावं. नजर झपाट्याने उतरत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच ती परत येण्याची आशा जास्त असते. कान-नाक-घसा आणि नेत्र विभाग एकत्र काम करू शकतात हे २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत दिसलं होतं. तो बुरशीचा, दिवसांत पसरणारा आजार, हा वर्षांत वाढणारा, पण दोन्हींत डोळ्याची वाट सायनसमधून जाते. ती सवय आपण साथीबरोबर सोडून दिली, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक अडचण डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. ऑपरेशन म्हटल्यावर या जिल्ह्यातली बाई विचारात पडते, ते अज्ञान नव्हे, अनुभव आहे. तिला सीटीची फिल्म उजेडात धरून दाखवावी; झिजलेलं हाड कुणालाही दिसतं. तातडी नसेल तर तारीखही कारखान्याच्या हंगामाआधीची, कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दिवाळीच्या सुमारास फडावर जाण्यापूर्वी नाक भरून यायला पुरेसे आठवडे ठेवून द्यावी, कारण मुकादमाची उचल घेतल्यावर तपासणीसाठी परत येणं तिच्या हाती राहत नाही. उघडलेलं तोंड पुढे काही वर्षांनीही बंद होऊ शकतं. म्हणून घरी सोडताना कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावं: डोळा पुन्हा पुढे आला, दोन दिसू लागलं, नजर अंधुक झाली किंवा तापासह सूज आली, तर फड कुठल्याही तालुक्यात असो, तिथल्या कान-नाक-घसा डॉक्टरांना हे कार्ड आणि फिल्म दाखवा.